दहा तासांचा खटला

४ सप्टेंबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरातल्या एका लॉन्ड्रीत एमा गॉचर या कामगार स्त्रीला दहा तासांहून अधिक वेळ राबवून घेतले गेले. कारखाने आणि लॉन्ड्रीतील स्त्रियांसाठी दिवसाला दहाच तास काम, असा त्या राज्याचा १९०३ चा कायदा होता. मालक कर्ट म्युलर याला दहा डॉलर दंड झाला. तो भरून त्याला मोकळे होता आले असते. पण कायदाच रद्द करून घ्यावा म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्याला आशा वाटावी असेच दिवस होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कमधील बेकरी कामगारांसाठी असलेला दहा तासांचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला होता. मालक व मजूर यांनी किती तासांचा करार करावा हा त्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, आणि भट्टीपुढे काम करणे काही आरोग्याला विशेष घातक नाही, असे बहुमताचे म्हणणे. (ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याच्या करारस्वातंत्र्याला मी तरी स्वातंत्र्य म्हणणार नाही.) मात्र त्या निकालात एक फट होती : आरोग्याशी संबंध सिद्ध झाला तर कायदा टिकू शकत होता.

ही फट ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’च्या फ्लॉरेन्स केली आणि जोसेफिन गोल्डमार्क यांनी हेरली. पहिल्यांदा ज्या नामांकित वकिलाकडे त्या गेल्या, त्याला धट्ट्याकट्ट्या बाईने लॉन्ड्रीत दहा तासांवर काम का करू नये हेच कळेना. मग त्या गोल्डमार्कबाईंच्या बहिणीचे यजमान लुई ब्रँडाइस यांच्याकडे गेल्या. त्यांनी खटला घेतला, पण कायद्याचे दाखले नकोत, वस्तुस्थिती आणा, असे सांगितले.

माझे कायद्याचे शिक्षण नाही, म्हणूनच कदाचित तो लेखी युक्तिवाद मला इतका वाचनीय वाटला. ११३ पानांपैकी कायद्याची चर्चा जेमतेम दोन पाने. बाकी सगळे अमेरिका आणि युरोपातील कारखाना-निरीक्षकांचे अहवाल व डॉक्टरांची मते : लॉन्ड्रीतली वाफ, ओली फरशी, तासन्‌तास उभे राहून पायांच्या फुगलेल्या शिरा. गोल्डमार्कबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथालये पालथी घालून हे दोनेक आठवड्यांत जमवले. मुखपृष्ठावर नाव मात्र वकिलाचे.

२४ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. हा विजय खराच होता; पुढील काही वर्षांत अनेक राज्यांनी असे कायदे केले आणि लाखो स्त्रियांचा दिवस लहान झाला. पण न्यायमूर्ती ब्रूअर यांचे निकालपत्र वाचताना मी अडखळतो. स्त्री शरीराने दुबळी, पुरुषावर अवलंबून असणारी. सुदृढ संततीसाठी तिचे आरोग्य जपणे हे समाजाचे हित, असा त्यातील सूर. एमा गॉचरचे पाय दुखत होते यापेक्षा ती कुणाची तरी आई होऊ शकते, हे मोठे ठरले.

या युक्तिवादाची किंमत पुढे मोजावी लागली. १९१९ मध्ये न्यूयॉर्कने वाहतुकीतील स्त्रियांच्या कामाच्या वेळांवर बंधने घातली, तेव्हा ट्रॅमवरच्या कित्येक स्त्री-कंडक्टरांच्या नोकऱ्याच गेल्या. १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. १९२३ मध्ये त्याच समानतेकडे बोट दाखवून सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधील स्त्रियांचा किमान वेतनाचा कायदा रद्द केला. त्याच वर्षी ॲलिस पॉल यांच्या पक्षाने समान हक्कांची घटनादुरुस्ती संसदेत आणली. तिला ठाम विरोध करणाऱ्यांत फ्लॉरेन्स केली होत्या. समानतेच्या नावाखाली दहा तासांचे कायदे वाहून जातील, ही त्यांची धास्ती होती. त्या १९३२ मध्ये वारल्या. स्त्री-पुरुष दोघांच्याही वेतनाला आणि तासांना लागू होणारा देशव्यापी कायदा १९३८ मध्ये झाला. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा त्यातून वगळल्या गेल्या.