सहाव्या पिढीतील गेम कन्सोलांची प्रदेशनिहाय विक्री

सहाव्या पिढीतील प्रमुख गेम कन्सोल म्हणजे सेगाचा ड्रीमकास्ट (१९९८), सोनीचा प्लेस्टेशन २ (२०००) आणि २००१ साली बाजारात आलेले निन्टेन्डोचा गेमक्यूब व मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. यांच्या जागतिक विक्रीचे आकडे वारंवार उद्धृत केले जातात; मात्र कोणते यंत्र कोठे रुजले आणि कोठे नाकारले गेले, हे त्यांवरून कळत नाही.

प्लेस्टेशन २ची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. जपान, उत्तर अमेरिका व युरोप या तिन्ही ठिकाणी तोच अग्रस्थानी होता. ड्रीमकास्टचे उत्पादन २००१ मध्येच थांबले. त्यामुळे प्रादेशिक तुलनेच्या दृष्टीने उद्बोधक ठरते ती उरलेल्या दोघांमधील चुरस.

गेमक्यूब आणि एक्सबॉक्स

गेमक्यूबची एकूण विक्री सुमारे २ कोटी १७ लाख, तर एक्सबॉक्सची सुमारे २ कोटी ४० लाख. बेरजा जवळपास सारख्या असल्या, तरी त्यांची विभागणी अगदी वेगळी आहे. एक्सबॉक्सची सुमारे १ कोटी ६० लाख यंत्रे उत्तर अमेरिकेत, ६० लाख युरोपात आणि जेमतेम २० लाख जपानसह आशिया-प्रशांत विभागात खपली. गेमक्यूबची अमेरिका खंडांत १ कोटी २९ लाख, जपानमध्ये ४० लाख आणि अन्यत्र ४८ लाख. म्हणजे एकट्या जपानमध्ये निन्टेन्डोने मायक्रोसॉफ्टच्या संपूर्ण आशिया-प्रशांत विक्रीच्या दुप्पट मजल मारली; युरोपात चित्र नेमके उलटे होते.

जपानी ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने लहान आकाराचा कंट्रोलर तयार केला. (पुढे तोच अमेरिकेतही रूढ झाला.) परंतु अडचण केवळ आकाराची नव्हती. ‘फायनल फँटसी १०’ आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ हे जपानमधील लोकप्रिय मालिकांचे खेळ त्या काळी प्लेस्टेशन २वरच उपलब्ध होते. अमेरिकेत मात्र ‘हेलो’ मालिकेने एक्सबॉक्सला आधार दिला. ब्रिटनमध्ये २००२ साली, विक्री सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच, एक्सबॉक्सची किंमत २९९ पौंडांवरून १९९ पौंडांवर आणावी लागली.

खेळांची विक्री

यंत्रांइतकाच खेळांचा खपही बोलका आहे. गेमक्यूबच्या सुमारे २० कोटी ८६ लाख खेळांपैकी १३ कोटी ८७ लाख अमेरिका खंडांत, तर २ कोटी ८४ लाख जपानमध्ये खपले. दर यंत्रामागे हे प्रमाण अमेरिकेत जवळपास ११ आणि जपानमध्ये ७ पडते. मायदेशातील ग्राहकच खेळ कमी विकत घेत होता, ही बाब एकूण बेरजेत झाकली जाते.

आकड्यांची तुलनीयता

कंपन्यांचे विभाग एकसारखे नाहीत. निन्टेन्डोच्या ‘अमेरिका’ विभागात दक्षिण अमेरिकाही येते, मायक्रोसॉफ्टच्या ‘उत्तर अमेरिका’ विभागात येत नाही. निन्टेन्डोच्या ‘अन्य’ विभागात युरोपखेरीज ऑस्ट्रेलियाही मोडतो. शिवाय कंपन्या सामान्यतः व्यापाऱ्यांकडे रवाना केलेला माल मोजतात. दुकानातून ग्राहकाच्या हाती गेलेला नव्हे. सोनी २००७ पर्यंत उत्पादित व रवाना मालाचे आकडे देत असे, नंतर तिने नोंदविलेल्या विक्रीचे आकडे देण्यास सुरुवात केली. त्यामुळे प्लेस्टेशन २चे आधीचे आणि नंतरचे आकडे थेट वजा करून एखाद्या वर्षाची विक्री काढता येत नाही.