एकेक डोळा वेगळा

सकाळी 8.00
शाळेच्या व्हरांड्यात फीत टाकून सहा मीटर मोजतो. भिंतीवर ‘ई’चा तक्ता लावतो. ‘ई’चं तोंड कुठे, ते पोरांनी बोटांनी दाखवायचं, अक्षरओळख नसली तरी चालतं.

9.00
दुसरीतली मुलगी. उजवा डोळा 6/6. तो झाकायला सांगितला की मान हळूच वळते, बोटांच्या फटीतून बघते. लबाडी नव्हे, डाव्याने दिसतच नाही, तर करेल काय? तळहात नीट लावून घेतला, 6/36. बाईंना पटेना : “वर्गात पहिली येते हो!” येणारच. एक डोळा धड असला की दुसऱ्याची उणीव कुणाला कळत नाही, मुलाला तर नाहीच. तक्रारीची वाट बघत बसलो तर उशीर होतो.

11.30
दवाखाना. चार वर्षांच्या मुलाला ‘हे बरं की ते’ विचारून काय उपयोग? रेटिनोस्कोपचा उजेड टाकायचा, बाहुलीतली लालसर झाक कशी सरकते ते बघत भिंगं बदलायची. पण लहान डोळा जोर लावून प्लस नंबर दडवतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेले सायक्लोपेंटोलेटचे थेंब, थोडी रडारड, पाऊण तास खोळंबा. मग खरा नंबर सापडतो.

2.00
आळशी डोळ्याचा मुलगा, सोबत आजी. “चांगलाच डोळा का झाकता?” प्रश्न रास्त आहे. मेंदूने अंधुक डोळ्याकडे लक्ष देणं सोडलंय. चांगला झाकला की त्याला दुसरा इलाज उरत नाही. सात-आठ वर्षांच्या आत हे चांगलं साधतं, पुढे अवघड जातं. याला रोज दोन तास पट्टी, तीही चष्मा लावूनच.

4.30
मोबाइलवरच्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल, दुसरी पांढरी. मोतीबिंदू असेल, क्वचित पडद्यावरची गाठही. ऑप्टोमेट्रिस्टने इथे वेळ काढायचा नसतो. नेत्रतज्ज्ञांना फोन लावून आजचीच वेळ घेतली.

6.00
फ्रेम बसवणं. नाकावरून घसरली की मूल काचेवरून बघतं, नंबर फुकट जातो. म्हणून कानामागे पट्टा, काचा पॉलिकार्बोनेटच्या. मायनसवाल्यांना रोज दोन तास मोकळ्यावर खेळायला सांगतो.

7.30
फोन. “सर, पट्टी ओढून काढतो हो!”
“ताई, पट्टी असेल तोवरच कार्टून. निघाली की टीव्ही बंद.”