व्हीआर खेळताना हात ‘गायब’ होतो? तिसऱ्या सेन्सरआधी हे बघा

घरी जुना ऑक्युलस रिफ्ट असेल तर मुलांची तक्रार ठरलेली: पाठ फिरवली की खेळातला हात भलतीकडेच जातो.

2016 च्या या रिफ्टचे सेन्सर म्हणजे इन्फ्रारेड कॅमेरे. हेडसेट आणि कंट्रोलरवरचे, डोळ्यांना न दिसणारे दिवे ते टिपतात. दोन्ही सेन्सर समोरच्या टेबलावर असले की वळल्यावर मुलाचं अंगच आड येतं.

म्हणून आधी फुकटचा उपाय करू. दोन सेन्सर खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावून पाहू. तरीही अडलं तरच तिसरा घेऊ. तो मागे, डोक्यापेक्षा उंच, थोडा खाली झुकवून लावायचा. दोन सेन्सर यूएसबी 3.0 ला आणि तिसरा 2.0 ला जोडला तर कॉम्प्युटरवरचा भार हलका होतो. मग सेटअप पुन्हा चालवून खेळाची हद्द नव्याने आखायची.

क्वेस्ट किंवा रिफ्ट एस असेल तर पैसे वाचवा. त्यांचे कॅमेरे हेडसेटमध्येच असतात.

एक मात्र विसरू नका. ही हद्द भिंतीची आठवण देते, रांगत आलेल्या धाकट्याची नाही. खेळ चालू असताना मोठं कुणीतरी खोलीत असायलाच हवं.