लग्न नाही, पण सही स्वतःची

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दर दहा प्रौढ बायकांमागे साधारण तीन अविवाहित असत. त्यांतल्या काहींचं पुढे लग्न होई, पण अनेकींचं कधीच होत नसे. राजा-राण्यांच्या आणि चेटकिणींवरच्या खटल्यांच्या काळातला हा आकडा आहे!

याचं मूळ होतं चुलीत. तिथे सासू-सासऱ्यांच्या घरात सून आणण्याची रीत नव्हती. लग्न म्हणजे वेगळं बिऱ्हाड. त्यासाठी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, जमल्यास एखादी गाय, एवढं तरी हाताशी हवं. म्हणून शेतकऱ्या-मजुरांच्या मुली ऐन किशोरवयात परक्या घरी वर्षाच्या बोलीवर कामाला राहत आणि पैपैसा साठवत. लग्नाला पंचविशी उलटून जाई. ज्यांची पुंजी जमलीच नाही, त्या तशाच राहत. १९६५ साली जॉन हाजनल या अभ्यासकाने सेंट पीटर्सबर्गपासून त्रिएस्तपर्यंत नकाशावर एक रेघच ओढून दाखवली. तिच्या पश्चिमेला उशिरा लग्न करणारा आणि बऱ्याच जणींना अविवाहित ठेवणारा युरोप होता.

खरं नवल पुढेच आहे. इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्यात लग्न होताच बाईचे पैसे, दागिने, मजुरी नवऱ्याच्या मालकीची होई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. अविवाहितेला मात्र हे सगळं करता येई. पैसे व्याजाने द्यावेत, बुडव्याला कोर्टात खेचावं, मृत्युपत्रात भाचीला घर लिहून द्यावं, कुणाची परवानगी नको!

लेसचा व्यापार करणारी हेस्टर पिनी (१६५८–१७४०) पाहा. डॉर्सेटमधल्या धर्मोपदेशकाची ही मुलगी लंडनला येऊन लेस विकू लागली. १६८५ मध्ये राजाविरुद्ध झालेल्या बंडात तिचा भाऊ अझरायाह पकडला गेला. घरच्यांनी ६५ पौंड मोजल्यावर तो सुटला, आणि नेव्हिस बेटावर जाऊन गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या साखरेच्या धंद्यात शिरला. इकडे हेस्टरने कमाईचा पैसा कर्जाऊ दिला, शेअर्समध्ये घातला. जॉर्ज बूथ नावाच्या धनिकाशी तिचा वर्षानुवर्षांचा स्नेह होता आणि त्याचे हिशेबही ती पाहत असे. पण लग्न तिने कुणाशीच केलं नाही.

गरीब अविवाहितेला मात्र हाच कायदा वेगळा चेहरा दाखवी. १५६३ च्या कायद्याने १२ ते ४० वयाच्या अविवाहित, बेकार मुली-बायकांना न्यायाधिकारी जबरदस्तीने कुणाच्याही घरी कामाला लावू शकत. नकार दिला तर तुरुंग. कॉव्हेन्ट्री शहराने तर १४९२ मध्येच धडधाकट, पन्नाशीच्या आतल्या एकट्या बाईने स्वतंत्र खोली घेऊन राहू नये असा नियम केला होता. विधवेला नवऱ्याचा धंदा पुढे चालवण्याची सवलत अनेक ठिकाणी मिळे. जिला नवराच नव्हता, तिला दुकान उघडायला शहरं कुरकुरत. विधवेमागे निदान मेलेल्या पुरुषाचं नाव तरी असे.

कॅथलिक व्हेनिसमध्ये आणखी निराळा हिशेब चाले. हुंडे इतके भडकले होते, की उमराव घराणी एखाद्या मुलीचं लग्न करून बाकीच्या मुली मठात धाडत. तिथला 'हुंडा' स्वस्त पडे. तशीच मठात घातलेली आर्कांजेला ताराबोत्ती (१६०४–१६५२) तिथूनच बापांच्या जुलमावर पुस्तकं लिहीत राहिली. इंग्लंडमधले मठ तर आठव्या हेन्रीनेच मोडून टाकले होते. १६९४ मध्ये मेरी ॲस्टेलने बायकांनी एकत्र राहून शिकावं अशी संस्था सुचवली, तेव्हा ती लोकांना मठासारखीच वाटली आणि तो बेत बारगळला. स्वतः ॲस्टेल मात्र आयुष्यभर अविवाहित राहिली, लिहून नाव कमावलं आणि पुढे लंडनच्या चेल्सी भागात गरीब मुलींसाठी शाळा काढली.

म्हणजे कायद्याने अविवाहितेला हक्क दिले ते तिच्यावर माया होती म्हणून नव्हे. बायकोचे हक्क नवऱ्याच्या हाती सोपवताना नवरा नसलेलीचे कुणाला द्यायचे, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. म्हणून ते तिच्याकडेच उरले, आणि जिच्या गाठीला चार पैसे होते तिने ते बिनदिक्कत वापरले.