अंगणातला प्रतापगड

दिवाळीत सातारा-सांगलीच्या गल्ल्यांत मुलं मातीचे किल्ले करतात. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट, वरून लाल माती. हिरवळीसाठी चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरायची.

बहुतेक किल्ले मनाने रचलेले असतात. यंदा एक तरी खरा गड मापात करून पाहा. सातारा जिल्ह्यातला प्रतापगड घ्या. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मोरोपंत पिंगळ्यांनी उभारलेला हा गड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा खालचा भाग सुमारे ३२० मीटर लांब, ११० मीटर रुंद आहे. बालेकिल्ला साधारण १८० मीटर चौरस. एका सेंटिमीटरला चार मीटर धरले, तर खालचा भाग ८० सेंटिमीटर लांब आणि बालेकिल्ला ४५ सेंटिमीटर चौरस होतो. अंगणात सहज मावतो! बारा मीटरचा बुरूज मात्र जेमतेम ३ सेंटिमीटर भरतो, आणि बाजारातला ७-८ सेंटिमीटरचा मावळा त्याच्या दुपटीहून उंच दिसतो. म्हणून मावळे पायथ्याशी, बघणाऱ्याच्या जवळ ठेवावेत.

दरवाजा समोर मधोमध नको. मराठ्यांच्या गडांवर तो दोन बुरुजांच्या कवेत, वळणावर लपवलेला असतो. त्यामुळे तोफेला सरळ मारा करता येत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही. लेगोच्या ठोकळ्यांतून किल्ला करणाऱ्यांची अडचण वेगळी: चौकोनी ठोकळ्यांतून गोल बुरूज निघत नाही, थर थोडे थोडे वळवत न्यावे लागतात. माती तिथे हाताचं ऐकते.