कुंपण कोणाचे, शेत कोणाचे?

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे विचारतात. त्याच म्हणीच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कुंपण मुळात मालकीचे कोणाच्या? शेत सगळ्यांचे आणि कुंपण एकाचे, अशी वाटणी झाली तर काय होते?

हा प्रश्न आज सुचण्याचे कारण उघड आहे. मुंबई-पुण्याचे सोडाच, आमच्या भंडाऱ्यासारख्या गावीही बँकेच्या दारात, इस्पितळाच्या फाटकाशी गणवेशातला रखवालदार उभा असतो. पैसे भरले की पहारा मिळतो. मग सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात, “पहारा विकत मिळतो, तर पोलीस का मिळू नये? कंपनीचा पोलीस हाकेसरशी धावून तरी येईल!” बोलणे ऐकायला गोड आहे. शिवाय ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास ताटकळलेल्या माणसाला ते पटतेही. पण मालकाच्या हाती पोलिसाचे काम दिले म्हणजे काय होते, याचा पडताळा पाहण्यासाठी फार लांब जायला नको. तो प्रयोग अर्धामुर्धा का होईना, आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथल्या कित्येक तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. यातला मामा कोणाच्या आईचा भाऊ नव्हे; ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे! १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. पुढच्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. सारा मालगुजाराने भरायचा आणि गावचा मुकद्दम बहुधा त्यांच्यापैकीच एकाने व्हायचे. गावात गुन्हा घडला तर ठाण्यावर वर्दी देण्याची जबाबदारी या मुकद्दमाची. त्याच्या हाताखाली कोतवाल.

कोतवाल म्हटले की आपल्याला पुण्याचा घाशीराम आठवतो. आमच्याकडचा कोतवाल म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस. तो बहुधा त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. रात्री गस्त घालायची, परका माणूस आला तर नजर ठेवायची, गावातली जन्म-मृत्यूची वर्दी ठाण्यावर पोचवायची, ही त्याची कामे. त्या वर्दीवरून झालेल्या नोंदींचे ‘कोतवाल बुक’ आजही विदर्भात जिवंत आहे. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचे नाव शोधायचे झाले, की मोठमोठे शिकलेले लोक त्या जीर्ण पानांवर डोळे लावून बसतात. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्या वर्दीवर आज गावाची वंशावळ उभी आहे!

आता या व्यवस्थेची गाठ कोठे होती ते पाहा. तपास आणि अटक ही कामे सरकारी ठाण्याचीच होती; पण ठाण्याचे डोळे आणि कान मालकाच्या दारी बांधलेले होते. चोरी झाली, दरोडा पडला, तर वर्दी तत्काळ जाई. त्यात मालकाचाही फायदा होता. पण समजा, मालकाच्याच माणसांनी एखाद्या कुळाच्या पाठीवर वळ उठवले, तर ती वर्दी कोणी द्यायची? मुकद्दम स्वतःविरुद्ध देणार नाही. कोतवालाने द्यावी, तर त्याची भाकरी त्याच गावात आणि हुकूम त्याच मुकद्दमाचा. सगळे मालगुजार दुष्ट होते असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या काळच्या तलावांवर आजही धान पिकते. परंतु माणूस चांगला आहे की वाईट, यावर न्याय अवलंबून राहावा, हेच मुळात वाईट.

इंग्रजांना हे कळत नव्हते असे नाही. बंगालमध्ये जमीनदारांकडे असलेला पोलिसी अधिकार कॉर्नवॉलिसने १७९३ सालीच काढून घेतला होता. आमच्याकडची मालगुजारी १९५१ साली संपली. १९६७ साली महाराष्ट्रात ग्राम पोलीस अधिनियम झाला. आजचा पोलीस पाटील सरकार नेमते. ते पद वतन म्हणून बापाकडून मुलाकडे जात नाही.

अमेरिकेने तर हा प्रयोग पुरता करून पाहिला. पेनसिल्व्हेनिया राज्याने १८६५-६६ च्या सुमारास आगगाडी, कोळसा आणि लोखंडाच्या कंपन्यांना स्वतःचे पोलीस ठेवण्याची मुभा दिली. पगार कंपनीचा, अधिकार राज्याचा! माणशी एक डॉलर भरला की सनद मिळे. मजुरांनी संप केला की समोर मालकाचाच पोलीस उभा. पाऊणशे वर्षांच्या आत त्या राज्याला हे खाते मोडावे लागले.

आपल्या शेजारचे उदाहरण अधिक ताजे आहे. छत्तीसगडात नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून बंदुका दिल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. राज्याने आपले मूळ कर्तव्य असे अर्धशिक्षित, अर्धपगारी हातांवर सोपवू नये, हा त्यातला बोध.

मग आजचा कायदा काय म्हणतो? घटनेने ‘पोलीस’ हा विषय राज्यांकडे दिला आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ सालचा केंद्रीय कायदा आहे. संस्थेला परवाना लागतो, आणि रखवालदाराने पोलिसासारखा किंवा लष्करासारखा पोशाख करणे हा गुन्हा आहे. पुष्कळांना ठाऊक नसते ते हे, की अटकेच्या बाबतीत त्या रखवालदाराला तुमच्याआमच्याहून तसूभरही अधिक अधिकार नाही. डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक धरू शकतो. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. कामवाल्या बाईवर संशय आला म्हणून तिला फाटकाशी दिवसभर कोंडून ठेवण्याचा हक्क ना रखवालदाराला आहे, ना सोसायटीच्या चिटणिसाला.

उलट बाजूने, पैसे भरून सरकारी पोलिसांचा जादा बंदोबस्त मिळण्याची सोय १८६१ च्या पोलीस कायद्यापासून आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलही २००९ पासून खासगी कारखान्यांना मोबदला घेऊन पहारा देते. पण तेथे एक मेख आहे. पैसा मालकाचा असला तरी हुकूम पोलीस अधिकाऱ्याचाच चालतो.

सरकारी पोलीस म्हणजे देवमाणूस, असे कोणी समजू नये. कोठडीतल्या मारहाणीच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली अटकेचे नियम घालून द्यावे लागले. पण त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो, माहिती मागता येते. हे मार्ग खडतर असतील, पण ते सर्वांसाठी आहेत. कंपनीच्या पोलिसाला जाब विचारणार तो त्याचा गिऱ्हाईक. ज्याच्यापाशी फाटक नाही, कुंपण नाही, वर्गणी नाही, तो त्याचा गिऱ्हाईक कधीच नसतो. बहुतेक वेळा तो त्याचा संशयित असतो.

आणि त्या बिचाऱ्या रखवालदाराचे काय? त्याच्या नोकरीला व कल्याणाला आधार म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली कायदा केला. तरीही बारा-बारा तास उभे राहणारे रखवालदार आपण रोज पाहतो. आपल्याला सारा कडकपणा त्याच्याकडून हवा असतो, त्याला पगार किती मिळतो ते मात्र आपण विचारीत नाही.

या दिवाळीत फाटकावरच्या त्या माणसाला फराळाचे ताट अवश्य द्यावे, खुर्ची द्यावी, वेळेवर पगार द्यावा. बेडी मात्र त्याच्या हाती देऊ नये. ती सगळ्या गावाची आहे; गावाला जाब देणाऱ्याच्याच हाती ती राहू द्यावी.