रोहिणीतला वाढदिवस

उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांची एक तक्रार कायमची असते. वाढदिवसाला शाळा नसते, वर्गात चॉकलेटे वाटायची राहतात. आमच्या घरात एप्रिल ते जून असे चार वाढदिवस येतात, त्यामुळे हे गाऱ्हाणे मी पुष्कळ ऐकले आहे. पण सुट्टीत बीदर, भालकी, उदगीरची भाचरे इकडे हैदराबादला येतात, घर भरते, आणि त्या दिवशीच्या ताटात परसातले किंवा गच्चीवरचे काहीतरी असायचेच, असा आमच्याकडे शिरस्ता पडला आहे.

इथला मे म्हणजे पारा चाळिशीपार. टोमॅटोच्या भरवशावर राहू नये, कडक उन्हात त्याची फुले गळतात. त्यापेक्षा मायाळू आणि अंबाडी बऱ्या. बी फेब्रुवारीतच टाकावे, मार्चमध्ये वर हिरवी जाळी बांधावी आणि कुंडीतल्या मातीवर वाळक्या पानांचा जाड थर द्यावा. खरा प्रश्न पाण्याचा. घरात टँकर मागवायचा आणि झाडांवर पाणी ओतायचे, हे मनाला पटत नाही. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून संध्याकाळी घालते. तेवढ्यात जगतील तेवढ्याच कुंड्या ठेवायच्या.

मायाळूची भजी तळायला घेतली की सासूबाई तिला बसळे म्हणतात, शेजारच्या तेलुगू काकू बच्चली. अंबाडीची पुंडी होते आणि गोंगुराही. मुलांना तिन्ही नावे येतात. (पानात पडली की मात्र तिन्ही भाषांत नको म्हणतात!) शेवग्याच्या शेंगा, कैरीचे चित्रान्न आणि आमरस, म्हणजे आमच्या सासूबाईंचे सीकरणे, यांना कोणी नाही म्हणत नाही. केक बेकरीतून येतो. त्यावर माझा राग नाही, औक्षण आधी झाले म्हणजे झाले.

चार वाढदिवसांतला चौथा सासूबाईंचा. त्याला तारीखच नाही. जन्म भालकी तालुक्यातला, निजामाच्या राज्यातला. 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी त्या नुकत्या चालू लागल्या होत्या, एवढे घरात सांगतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, त्या पिढीतल्या असंख्य लोकांच्या दाखल्यावर असतो तसाच. "ती मास्तरांची तारीख," म्हणून त्यांनी तो दिवस कधी साजरा करू दिला नाही. त्यांच्या आईने सांगितलेली खूण वेगळी होती: रोहिणी लागली होती आणि घरात आंब्याची पहिली आढी उघडली होती.

रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते आणि मृगापर्यंत असते. म्हणजे मास्तरांचा अंदाजही रोहिणीतच पडला होता, पण हे त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. परसात गावरान रसाच्या आंब्याचे झाड आहे. पाडाला आलेले आंबे देठासकट उतरवायचे, चीक गळू द्यायचा आणि पेंढ्यात थर लावायचे. पिकताना आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो, तो पेंढ्यात कोंडला की आंबे एकमेकांना पिकवतात. कार्बाइडची गरज नाही, त्यावर कायद्याने बंदीच आहे. रोहिणीत पहिली आढी उघडेल तो अज्जीचा वाढदिवस, असे मुलांनीच ठरवले. तारीख दरवर्षी हलते. रेल्वेचे तिकीट कधीचे काढायचे, म्हणून बीदरची मंडळी फोनवर कुरकुरतात.

आंबा एका वर्षी भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. गेल्या वर्षी मोहोरच तुरळक होता. बाजारातून कच्चे आंबे आणून आढी लावली. सासूबाईंनी पहिले फळ हातात घेऊन हुंगले, "हा आपला नव्हे" म्हणाल्या आणि तरीही दोन वाट्या रस घेतला.

यंदा झाड लगडले आहे. खालच्या फांद्यांना टेकू दिलाय, वरचे आंबे माकडांच्या मर्जीवर. आढी 20 मेला लावायची ठरली आहे. पेंढा तेवढा भालकीहून यायचा आहे.